प्रभूचं मेज दर रविवारी मांडा
ल्यूथरन चर्च–मिसूरी सिनडच्या अध्यक्षांना आणि पाळकांना खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष महोदय आणि पाळकहो,



मी आपल्या सिनडच्या एका लहान मंडळीची सभासद आहे. मंडळी इलिनॉयमध्ये, मका आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेल्या एका गावात आहे. जन्म माझा नगरचा. बाप्तिस्मा तिथेच झाला आणि उपासनेची पहिली गाणी मी पेटी-तबल्याच्या साथीवर शिकले. लग्नानंतर इकडे आले तेव्हा घरापासून चालत जाता येईल असं एकच चर्च होतं, ते ल्यूथरन होतं. गेले ती तिथलीच झाले. त्याला आता वीस वर्षं होतील.

पत्र मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत मी नोकरी करते, बिलं भरते, डॉक्टरांशी बोलते, पण प्रार्थना अजून मराठीतच होते आणि दर रविवारच्या प्रभुभोजनाचा हा विषय प्रार्थनेच्या जवळचा आहे. भाषांतर करून मी ते आपल्याकडे पाठवणार आहेच. पण आधी ते माझ्या भाषेच्या वाचकांसमोर यावं असं वाटलं. माझ्या लहानपणच्या मंडळीतही प्रभुभोजन महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी असे. ती सवय कुठून आली हे आम्ही कधी कुणाला विचारलं नाही.

सिनडमध्ये दाखल होण्याआधी आठ महिने मी मागच्या बाकावर बसत होते. आपली शिकवण समजून घेऊन ती कबूल केल्याशिवाय कुणाला प्रभुभोजन देत नाहीत हे मला पहिल्याच रविवारी पाळकांनी अतिशय सौम्यपणे सांगितलं. वाईट वाटलं. सगळं बाक उठून वेदीकडे जाई, मी गुडघे बाजूला घेऊन वाट देई आणि एकटी बसून राही. पण दर बुधवारी संध्याकाळी पाळकांकडे ल्यूथरची लघु प्रश्नोत्तरी शिकायला लागले तसा त्या नियमाचा अर्थ उलगडत गेला. लहानपणी मी शिकले होते की भाकर आणि प्याला ही प्रभूची आठवण आहे. इथे शिकवलं की या भाकरीत आणि प्याल्यात ख्रिस्त स्वतःचं शरीर आणि रक्त खरोखर देतो, पापांच्या क्षमेसाठी, घेणाऱ्याच्या हातात आणि तोंडात देतो. हे ऐकल्यावर आठ महिने थांबायला लावल्याचा राग गेला. इतकी मोठी गोष्ट न समजता हातात घेऊ नये हे पटलं.

मग दृढीकरण झालं. त्या रविवारी मी पहिल्यांदा वेदीपाशी गुडघे टेकले. त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आठला मी पुन्हा गेले तर मेज रिकामं होतं.

आमच्याकडे दर रविवारी दोन उपासना होतात. आठची ऑर्गनवर, गीतपुस्तकातल्या क्रमाने. साडेदहाची गिटार, ड्रम आणि पडद्यावर उमटणाऱ्या शब्दांची. आठच्या उपासनेत प्रभुभोजन पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी असतं, साडेदहाच्या उपासनेत दुसऱ्या आणि चौथ्या. महिन्याला पाचवा रविवार आला तर कुठेच नाही. म्हणजे जो माणूस नेमाने एकाच उपासनेला येतो त्याला वर्षाला 24 वेळा प्रभुभोजन मिळतं आणि 28 रविवार तो ते न घेता घरी जातो. जी गोष्ट मला आठ महिने शिकवली, जिच्यासाठी मला थांबवून ठेवलं, ती वर्षातल्या निम्म्याहून अधिक रविवारी ठेवलेलीच नसते. मी पाळकांना कारण विचारलं. ते म्हणाले, वेळ पुरत नाही, आणि इथे पूर्वीपासून असंच आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत सभासदांची मोठी सभा झाली. ड्रम वेदीच्या उजवीकडे ठेवावेत की खाली, बाकांच्या पातळीवर, हा विषय होता. सभा तीन तास चालली. आठच्या उपासनेतले लोक म्हणाले, जुन्या उपासनाक्रमातला शब्द न् शब्द पवित्र शास्त्रातून आलेला आहे, आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी तो होता, तो सोडून एकच ओळ दहा वेळा म्हणण्यात विश्वास कसा वाढेल? साडेदहाचे लोक म्हणाले, आमची मुलं नातवंडं घेऊन येतात ती या गाण्यांसाठी, ती गेली तर तुमचा ऑर्गन ऐकायला कोण उरणार आहे? दोन्हीकडची माणसं रडली. एक कुटुंब त्या रात्रीनंतर परत आलं नाही. आणि त्या तीन तासांत प्रभुभोजनाचा शब्द एकदाही निघाला नाही.

पाळकहो, ही सभा आपल्या ओळखीची असेल. नावं आणि वाद्यं बदला, ती कुठल्याही गावात झाली असेल. म्हणून मला आपल्याशी बोलायचं आहे.

आपल्या पूर्वजांनी विश्वासासाठी आणि उपासनेच्या शब्दांसाठी समुद्र ओलांडला होता. प्रशियाच्या राजाने 1817 मध्ये ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्या एकत्र केल्या, पुढे सगळ्यांवर एकच उपासनाविधी लादला आणि तो न मानणाऱ्या पाळकांना तुरुंगात टाकलं. कित्येक ल्यूथरन कुटुंबं ऑस्ट्रेलियाला आणि अमेरिकेला निघून गेली. सॅक्सनी त्या राजाच्या राज्यात नव्हतं, पण तिथल्या चर्चमधल्या बुद्धिवादाला कंटाळून निघालेले लोक 1839 च्या सुरुवातीला सेंट लुइसला पोचले. त्यांच्या पाच जहाजांपैकी आमालिया नावाचं जहाज पुन्हा कधी दिसलं नाही. त्याच सॅक्सन लोकांतले वाल्थर 1847 मध्ये सिनडचे पहिले अध्यक्ष झाले, आपण आज त्यांच्या खुर्चीत आहात. उपासना हा आवडीनिवडीचा प्रश्न असता तर त्या लोकांनी मुलाबाळांना घेऊन ती जहाजं गाठली नसती. त्यामुळे या वादात ज्यांना राग येतो त्यांना मी क्षुद्र म्हणणार नाही. मला एवढंच विचारायचं आहे की आपला राग ज्या गोष्टीवर खर्च होतो तीच आपल्या विश्वासांगीकाराला सगळ्यात महत्त्वाची वाटते का?

ल्यूथरच्या हयातीत हा वाद झाला होता. 1521 च्या नाताळात तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिलेला असताना विटेनबर्गमध्ये त्याचा सहकारी कार्लस्टाट याने याजकाचा झगा न घालता, साध्या कपड्यांत प्रभुभोजनाचा विधी केला आणि प्याला लोकांच्या हाती दिला. पुढच्या काही आठवड्यांत मूर्ती फुटल्या, गोंधळ माजला. ल्यूथर मार्च 1522 मध्ये परत आला आणि ओळीने आठ दिवस त्याने उपदेश केले. बदल चुकीचे आहेत असं तो म्हणाला नाही. दुबळ्या माणसाला समजावून सांगण्याआधी त्याच्यावर बदल लादले ही चूक आहे, असं म्हणाला. आणि त्याने बरेचसे जुने प्रकार काही काळासाठी परत आणले. 1525 मध्ये त्याने लिव्होनियातल्या, म्हणजे आजच्या लाटव्हिया-एस्टोनियाकडच्या, ख्रिस्ती लोकांना उपासनेबद्दल एक पत्र लिहिलं. तिथे वेगवेगळे उपदेशक वेगवेगळे विधी चालवत होते आणि साधी माणसं गोंधळली होती. त्याचं सांगणं असं की बाह्य विधींत आपण मोकळे आहोत हे खरं, पण म्हणूनच प्रीतीखातर एकमेकांशी जुळवून घ्या, कारण तुमच्या मोकळेपणात शेजारी हरवतो आहे. 1526 मध्ये त्याने जर्मन भाषेतला उपासनाक्रम छापला, तोही सुरुवातीलाच अशी विनंती करून की याचा कायदा करू नका.

पुढे 1530 मध्ये आउग्सबुर्गला सम्राटासमोर वाचलेल्या विश्वासांगीकारातला सातवा लेख म्हणतो की मंडळीच्या एकतेसाठी माणसांनी घातलेल्या रीती सगळीकडे सारख्या असायची गरज नाही. 1577 च्या ल्यूथरन एकमत-सूत्रातला दहावा लेख मंडळ्यांना त्या त्या ठिकाणी रीती बदलण्याचा अधिकार देतो, मात्र उथळपणे आणि दुसऱ्याला ठेच लागेल अशा पद्धतीने नको असं बजावतो. गिटारवाले सातव्या लेखाचा आधार घेतात, ऑर्गनवाले दहाव्या लेखातल्या त्या बजावण्याचा. दोघांकडेही आधार आहे, म्हणूनच हा वाद चाळीस वर्षं संपलेला नाही.

प्रभुभोजनाच्या बाबतीत मात्र याच विश्वासलेखांत असा संदिग्धपणा नाही. आउग्सबुर्गच्याच विश्वासांगीकाराचा चोविसावा लेख सांगतो की आम्ही मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाचा विधी, बंद केला हा आमच्यावरचा खोटा आरोप आहे. आणि त्या विश्वासांगीकाराच्या 1531 च्या समर्थनात त्याचा लेखक मेलांख्थोन स्पष्ट लिहितो की आमच्याकडे दर रविवारी आणि इतर सणांना प्रभुभोजनाचा विधी होतो आणि ज्यांना हवं आहे त्यांना, त्यांची विचारपूस आणि पापमुक्ती झाल्यावर, ते दिलं जातं. त्याने हे आपल्या मंडळ्यांत काय चाललं आहे ते सांगताना लिहिलं आहे, पुढे कधीतरी गाठायचं ध्येय म्हणून लिहिलेलं नाही. प्रत्येक पाळकाने अभिषेकाच्या दिवशी ज्या विश्वासलेखांना बांधून घेतलं आहे त्यांतलंच हे एक वाक्य आहे. ड्रम कुठे ठेवावेत यावर तीन तास बोलणाऱ्या मंडळीला ते कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं.

मग हे रविवार गेले कुठे? मी याच्यामागे लागले आणि जे हाती आलं ते थोडक्यात सांगते, कारण आपण ते सेमिनरीत शिकला आहात, पण बाकावरच्या माणसाला ते ठाऊक नसतं. ल्यूथरच्या आधी लोक वर्षातून एकदाच भाकर घेत. 1215 च्या लॅटरन परिषदेने निदान पुनरुत्थानाच्या सणाला तरी घ्या असा नियम केला आणि बहुतेकांसाठी किमान तेच कमाल झालं. ल्यूथरने मेज दर रविवारी मांडलं, पण एक अट घातली: घेणारं कुणी असेल तरच विधी करायचा, याजकाने एकट्याने नाही. ज्यांना घ्यायचं असेल त्यांनी आधी पाळकाला सांगायचं. अट योग्य होती. पण शतकानुशतकांच्या सवयीने भ्यालेली माणसं पुढे येईनात आणि नावं न आलेल्या रविवारी विधी उपदेशापाशीच संपू लागला. काही पिढ्यांनी अपवादच रीत बनला. त्यात भक्तिजागृतीच्या काळात आपण योग्य आहोत का ही भीती वाढली, आणि बुद्धिवादाच्या काळात पुष्कळ पाळकांनाच मेजाचं काही वाटेनासं झालं. सगळीकडे असं झालं नाही. संगीतकार बाख लाइपझिगमध्ये 1723 पासून 1750 पर्यंत होता, तेव्हा तिथल्या मुख्य चर्चांत दर रविवारी प्रभुभोजन होई, तासन् तास चालणाऱ्या उपासनेत, आणि लोक वेदीकडे जात असताना संगीत चालू असे. संगीताच्या वादात बाखचं नाव घेणाऱ्यांनी त्याची ही बाजूही सांगावी.

अमेरिकेत आल्यावर पाळक थोडे, अंतरं मोठी. एकेका पाळकाकडे चार-पाच गावं. तो येईल तेव्हा मेज. भोवती बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन शेजारी, त्यांच्याकडे तीन महिन्यांतून एकदा. तीन महिन्यांची रीत 1525 मध्ये रिफॉर्म्ड सुधारक त्स्विंगलीने झुरिकमध्ये घातलेली आहे. कॅल्व्हिनला जिनिव्हात दर आठवड्याला हवं होतं, पण नगरसभेने त्याला वर्षातून चार वेळांवर रोखलं. आमच्याकडच्या एका आजोबांनी मला सांगितलं होतं की वर्षातून चार वेळा हीच खरी ल्यूथरन रीत, खुद्द ल्यूथरने लिहून ठेवली आहे. ल्यूथरने चारचा आकडा लिहिला आहे खरा, लघु प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत. पण तिथे तो म्हणतो की जो वर्षातून चार वेळासुद्धा येत नाही त्याला या भोजनाची किंमत नाही अशी भीती वाटते. हा तळाचा आकडा आहे, आपण त्याचं छप्पर केलं.

आणि मग 1941 चं गीतपुस्तक. त्यात पाचव्या पानावर प्रभुभोजनाशिवायची सकाळची उपासना होती आणि पंधराव्या पानावर प्रभुभोजनाची. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना आजही विचारा, ते उपासनेला 'पान पाच' आणि 'पान पंधरा' म्हणतात. पान पाच म्हणजे नेहमीचं, पान पंधरा म्हणजे खास. दोन पिढ्यांनी हा धडा कुणी न शिकवता पाठ केला. 2006 च्या गीतपुस्तकात पाच वेगवेगळे मुख्य उपासनाक्रम आहेत आणि पाचांतही मेज आहे. ज्यांनी हे बदललं त्यांचे मी आभार मानते. पण पुस्तक बदललं म्हणून सवय बदलत नाही.

आता साडेदहाच्या उपासनेबद्दल. ती कुठून आली हे शोधताना मी थेट आमच्या मुलखाच्या शेजारी येऊन पोचले. 1980 नंतर अमेरिकेतल्या ल्यूथरन मंडळ्यांत चर्च ग्रोथचं वारं शिरलं: लोक येतील अशी उपासना करा, अनोळखी माणसाला परकं वाटेल ते काढा. 1988 मध्ये डेव्हिड लुएके यांचं पुस्तक निघालं, इव्हँजेलिकल पेहराव आणि ल्यूथरन गाभा असा त्याचा सूर होता, आणि पेहराव गाभ्यापासून वेगळा काढता येतो का यावर तेव्हापासून आपण भांडतो आहोत. या सगळ्या विचाराचे जनक डॉनल्ड मॅकगॅव्हरन. त्यांचा जन्म 1897 मध्ये दमोहचा. ते आणि त्यांच्या आधी त्यांचे आईवडील मिशनरी म्हणून मध्य प्रांतात राबले. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. कुठल्या जातीत, कुठल्या गावात मंडळ्या का वाढतात आणि कुठे का वाढत नाहीत हे त्यांनी तिथे, छत्तीसगडसारख्या भागांत, वर्षानुवर्षं फिरून पाहिलं, 1955 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत ते शिकवलं. छत्तीसगडच्या खेड्यांत जन्मलेला प्रश्न असा इलिनॉयच्या मक्याच्या शेतांत येऊन पोचला.

पण मॅकगॅव्हरन कुठल्या पंथाचे होते? डिसाइपल्स ऑफ क्राइस्ट. त्या पंथात प्रभुभोजन दर रविवारी होतं, ती त्यांची ओळखच आहे. मंडळी कशी वाढवावी हे ज्यांच्याकडून आपण शिकलो त्यांच्या स्वतःच्या मंडळीत मेज कधी काढलं गेलं नव्हतं. दर रविवारचं मेज माणसं दूर ठेवतं, असं म्हणताना आपण हे आठवायला हवं.

माझा ड्रमला विरोध नाही. नगरमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं. माझ्या आजीला परदेशी चालींतून जे कळलं नसतं ते अभंगातून कळलं. सुवार्तेला माणसाची बोली लागते हे मी घरातच शिकले. तरी मी आठच्या उपासनेला जाते. जुन्या क्रमात आधी पापकबुली, मग क्षमेची घोषणा, वाचन, विश्वासांगीकार, उपदेश आणि मेज अशी एकामागून एक पायरी येते, आणि माझं मन कुठेही भरकटलेलं असलं तरी ती मला हाताला धरून वेदीपर्यंत नेते. आमच्या साडेदहाच्या उपासनेत पापकबुली अर्ध्या रविवारी नसते आणि गाण्यांत ख्रिस्ताने काय केलं यापेक्षा मला काय वाटतं हे जास्त असतं. हे मला खटकतं आणि मी ते सांगते. पण या दोन उपासनांना एकच कसोटी लावायची असेल तर मी ही लावीन: ज्या पद्धतीत मेजाला जागा आहे ती चालेल, ज्या पद्धतीला चालण्यासाठी मेज बाजूला काढावं लागतं ती चालणार नाही. ही कसोटी ऑर्गनलाही लागू आहे. दीड तासाची, अतिशय सुंदर, मेजाविना झालेली पान पाचची उपासना या कसोटीवर उतरत नाही.

आपल्याकडून येणारी उत्तरं मला माहीत आहेत, कारण मी ती सगळी ऐकली आहेत.

वेळ पुरत नाही. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. आमच्या आठच्या उपासनेत साठ-सत्तर माणसं असतात आणि प्रभुभोजनामुळे पंधरा ते अठरा मिनिटं वाढतात. शनिवारी प्याले धुऊन पुसून ठेवणाऱ्या बायकांमध्ये मीही आहे. त्या कामाला चाळीस मिनिटं लागतात, आणि दर शनिवारी यायला आम्ही तयार आहोत. आम्हाला कुणी विचारलं नाही.

रोज रोज घेतलं तर त्याचं महत्त्व राहत नाही. हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे आणि तेच मला सगळ्यात कमी पटतं. उपदेश दर रविवारी होतो, त्याचं महत्त्व कमी होतं म्हणून तो महिन्यातून दोनदा करा असं आजवर कुणी सुचवलेलं नाही. क्षमेची घोषणा, प्रभूची प्रार्थना दर रविवारी होते. ज्या घरात रोज स्वयंपाक होतो त्या घरातली मुलं जेवणाला कंटाळून उपाशी राहत नाहीत. त्रोवसच्या मंडळीने आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडली असं प्रेषितांची कृत्ये सांगतात, आणि ती पौल हा खास पाहुणा आला म्हणून जमली नव्हती, तो त्यांचा जमण्याचा दिवसच होता.

लोक तयारी न करता येतील. या भीतीचा मला आदर आहे. पौलाने करिंथकरांना अयोग्य रीतीने खाण्यापिण्याबद्दल बजावलं आहे आणि आपण त्यावर माझ्यासारखीला आठ महिने शिकवता. पण करिंथात चूक काय होती? सधन माणसं आधी येऊन खात होती आणि गरीब उपाशी राहत होता. ती चूक मेज कमी वेळा मांडून सुटत नाही. आणि योग्य कोण याचं उत्तर आपल्याच प्रश्नोत्तरीत आहे: 'तुमच्यासाठी' या शब्दावर जो विश्वास ठेवतो तो. मला माझ्या आजारपणात सर्वांत अयोग्य वाटलं होतं तेव्हा पाचवा रविवार होता. मी उपदेश ऐकला, तो चांगला होता, आणि जे मला हवं होतं ते न घेता गाडीत येऊन बसले.

शेवटचं उत्तर नव्या माणसांबद्दल असतं. ज्या रविवारी पाहुणे अपेक्षित असतात त्या रविवारी मेज ठेवू नये, त्यांना घेता येत नाही, त्यांना अवघडल्यासारखं होतं. पाळकहो, ती पाहुणी मी होते. बाकाच्या टोकाला गुडघे बाजूला घेऊन बसलेली बाई मीच. मला अवघडल्यासारखं झालं, खरं आहे. पण त्या लोकांच्या वेदीकडे जाण्यात, परत येताना त्यांच्या चेहऱ्यांवर जे दिसे त्यात, मला कळलं की इथे काहीतरी असं आहे जे माझ्याकडे नाही. आठ महिने बुधवारी संध्याकाळी मी पाळकांकडे आले ती त्या भुकेपोटी. पाहुण्यांना अवघड वाटू नये म्हणून मेज काढून ठेवलं असतं तर मी एक चांगलं व्याख्यान आणि बरी गाणी ऐकून गेले असते, आणि कदाचित पुन्हा आलेही नसते.

सिनडने 1995 च्या अधिवेशनात दर रविवारी प्रभुभोजनाची संधी द्यावी असं उत्तेजन देणारा ठराव केला. कागदावर आपण केव्हाच माझ्या बाजूचे आहात. आपल्या घटनेप्रमाणे सिनड मंडळ्यांना सल्ला देऊ शकते, हुकूम देऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. हुकूम मला नकोच आहे. ल्यूथरला काळवेळेचा कायदा नको होता आणि उपासनेवर लादलेले कायदे टाळण्यासाठीच आपल्यातले कित्येक इथे आले. पण हुकूम आणि मौन यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे. अध्यक्ष महोदय, दरवर्षीच्या आकडेवारीत मंडळ्यांना सभासदसंख्या आणि देणगी विचारली जाते, तसं एकदा हेही विचारा: या वर्षी किती रविवारी मेज मांडलं नाही आणि का? ज्या चर्चमध्ये दोन उपासना आहेत तिथल्या पाळकांना मला सांगायचं आहे की रविवार वाटून देऊ नका. अशी वाटणी केली की लोक समजतात मेज हे एका उपासनेचं वैशिष्ट्य आहे, जसा ऑर्गन किंवा पडदा. दोन्हीकडे मांडा. पद्धतीवरून भांडणारी दोन्ही घराणी निदान एका गोष्टीपाशी गुडघे टेकतील. घरात पडून असलेल्या वृद्धांकडे प्रभुभोजन घेऊन महिन्यातून एकदा जाता, ते रविवारच्या मेजावरून थेट, त्याच दिवशी, वडीलजनांच्या हाती पाठवता येईल का याचा विचार करा. आणि लोकांना कारण सांगून करा, घाईने नको. विटेनबर्गमध्ये कार्लस्टाटचं जे झालं ते इथे व्हायला नको. एक वर्ष शिकवा, मग बदला. आमच्या मंडळीतली म्हातारी माणसं हट्टी नाहीत, त्यांना फक्त कधी कुणी हे समजावून सांगितलेलं नाही.

त्या प्रस्तावनेत, जिथे चारचा आकडा आहे, तिथेच ल्यूथर पाळकांना आणखी एक गोष्ट सांगतो. लोकांवर सक्ती करू नका, पण असा उपदेश करा की लोकच तुमच्यावर सक्ती करतील, मेज मांडा म्हणून तुमच्या मागे लागतील.

आपल्या पाळकाने मला तसं शिकवलं. म्हणून मी आपल्या मागे लागले आहे. येत्या रविवारी पाचवा रविवार आहे. मी आठ वाजता येईन. मेज मांडा.

प्रभूमधील आपली बहीण,
इलिनॉयमधल्या आपल्या एका मंडळीची सभासद